सेप्सिस झालेल्या नवजाताच्या मेंदूची सोनोग्राफी शिकताना

नवजात अतिदक्षता विभागात सोनोग्राफी शिकायला येणाऱ्या निवासी डॉक्टरांना मी आधी एकच सवय लावून घ्यायला सांगतो. मेंदूच्या रक्तप्रवाहाचा आकडा लिहिण्यापूर्वी त्या क्षणीची बाळाची अवस्था लिहावी. रक्तदाब, रक्तातील कार्बन डायऑक्साइड, चालू असलेली औषधे आणि डक्टस आर्टेरिओसस (महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी गर्भावस्थेतील रक्तवाहिनी) उघडी आहे की नाही, हे ठाऊक नसेल तर रेझिस्टिव्ह इंडेक्सचा, म्हणजे धमनीतील प्रवाहाला होणारा अडथळा दाखवणाऱ्या आकड्याचा, नेमका अर्थ लावता येत नाही.

मोजणीचे तंत्र तुलनेने लवकर जमते. पुढच्या टाळूवरून सॅजिटल (मेंदूचे डावे-उजवे भाग करणारा उभा) छेद घेतला की कॉर्पस कॅलोसमच्या (मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या) पुढच्या वळणाजवळ अँटीरिअर सेरेब्रल धमनी (मेंदूची पुढची धमनी) दिसते, आणि तिथे रक्त जवळजवळ सरळ प्रोबच्या दिशेने वाहत असल्यामुळे कोनाची चूक फार होत नाही. सिस्टोलमधील (हृदय आकुंचन पावतानाच्या) सर्वोच्च वेगातून डायस्टोलच्या (हृदय सैल होतानाच्या) अखेरचा वेग वजा करून आलेल्या फरकाला सर्वोच्च वेगाने भागले की इंडेक्स मिळतो. पूर्ण दिवसांच्या बाळात तो साधारण 0.7 च्या आसपास असतो, अपुऱ्या दिवसांच्या बाळात काहीसा जास्त. हात मात्र हलका हवा, कारण टाळूवर दाब पडला की डायस्टोलमधील प्रवाह घटतो आणि इंडेक्स उगाचच वाढलेला दिसतो.

खरे कठीण काम यापुढचे आहे. सेप्सिसमध्ये (संसर्गामुळे शरीरभर उसळणाऱ्या गंभीर प्रतिक्रियेत) दाहकारक द्रव्यांमुळे मेंदूतील रक्तवाहिन्या सैलावल्या तर डायस्टोलमधील प्रवाह वाढून इंडेक्स उतरतो. पण वाढलेला कार्बन डायऑक्साइड हेच करतो, आणि जन्मवेळी प्राणवायू कमी पडलेल्या बाळातही असेच चित्र दिसू शकते. उलट, डक्टस मोठी असेल तर डायस्टोलमधील रक्त तिकडे ओढले जाते, प्रवाह शून्यावर येतो किंवा उलटा फिरतो, आणि इंडेक्स चढतो. मेंदूला सूज आली किंवा व्हेंट्रिकलमधील (मेंदूतील द्रव भरलेल्या पोकळीतील) दाब वाढला तरीही तो चढतो. हे विरुद्ध परिणाम एकाच बाळात एकत्र आले, तर आकडा अगदी नेहमीसारखा येऊ शकतो. म्हणून एकट्या इंडेक्सवरून सेप्सिसचे निदान करू नये, आणि सेप्सिस नाकारूही नये, असे माझे ठाम मत आहे.

करड्या छटांच्या प्रतिमेलाही तितकाच वेळ द्यावा. मेनिंजायटिसमध्ये (मेंदूच्या आवरणांच्या दाहात) सल्काय (मेंदूच्या पृष्ठभागावरील खाचा) ठळक व जाड दिसतात. व्हेंट्रिकलचे अस्तर खडबडीत व उजळ दिसले, आत गाळ किंवा पडदे दिसले, तर व्हेंट्रिक्युलायटिसचा (व्हेंट्रिकलच्या दाहाचा) विचार करावा. सिट्रोबॅक्टर या जिवाणूच्या संसर्गात मेंदूतील गळू आवर्जून शोधावे. तरीही सोनोग्राफी निर्दोष असताना मेनिंजायटिस असू शकतो, त्यामुळे ती लंबर पंक्चरची (पाठीतून सुईने मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव काढून तपासण्याची) जागा घेत नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळात पांढऱ्या द्रव्याच्या (मेंदूतील चेतातंतूंच्या भागाच्या) इजेतून होणाऱ्या पोकळ्या दिसायला अनेकदा दोन ते चार आठवडे लागतात. त्यामुळे बाळ सावरल्यावरही तपासणी पुन्हा करावी, आणि डॉप्लर (रक्तप्रवाहाचा वेग मोजणारी सोनोग्राफीची पद्धत) त्याच धमनीच्या त्याच जागी घ्यावे, म्हणजे दोन नोंदींची तुलना खरोखर करता येईल.