पीएफचं ई-नॉमिनेशन: ई-साइन होईपर्यंत काम अर्धवटच

नोकरीला लागताना पीएफला आईचं नाव लावलं, पुढे लग्न झालं, पण नॉमिनेशन तसंच राहिलं. पीएफ योजनेच्या नियमानुसार लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्नानंतर रद्द ठरतं, आईचंसुद्धा. नवं भरलं नसेल तर नॉमिनी कुणीच नाही, आणि ऐन दुःखात घरच्यांना वारसाचे कागद गोळा करत फिरावं लागतं.

ई-नॉमिनेशनच्या या एका फॉर्मवर तीन गोष्टी अवलंबून असतात: पीएफची शिल्लक, ईपीएसचं (पीएफसोबतची पेन्शन योजना) पेन्शन आणि ईडीएलआयचा (पीएफसोबतची विमा योजना) विमा. विम्याबद्दल अनेकांना माहीतच नसतं, कारण त्याचा हप्ता मालक भरतो, पगारातून काही कापलं जात नाही. नोकरीत असताना मृत्यू झाला तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी पगाराच्या (मूळ पगार अधिक महागाई भत्ता, कमाल १५,००० रुपये) ३५ पट, अधिक पीएफच्या सरासरी शिलकीच्या निम्मे (कमाल १.७५ लाख) मिळतात. पगार १२,००० आणि सरासरी शिल्लक ९०,००० असेल तर ४,२०,००० अधिक ४५,००० म्हणजे ४,६५,००० रुपये. कमाल रक्कम ७ लाख.

यूएएन (तुमचा पीएफचा कायमचा क्रमांक) पोर्टलवर लॉगिन करून ‘मॅनेज’मधलं ‘ई-नॉमिनेशन’ उघडा. स्वतःचा फोटो प्रोफाइलला आधीच लावलेला हवा. कुटुंब आहे असं निवडून प्रत्येकाचा आधार क्रमांक, जन्मतारीख, नातं आणि फोटो भरा. इथे हमखास अडतं ते बायकोच्या नावावर. आधारवर माहेरचं नाव असेल आणि तुम्ही सासरचं टाकलंत, तर पडताळणी होत नाही. आज आधारवर जे आहे तेच लिहा. मूल १८ वर्षांखालचं असेल तर पालकाचं नाव द्यावं लागतं.

मग पीएफची टक्केवारी वाटा. बेरीज १०० हवी. बायको ६०, आई ४० असं चालतं, कारण अवलंबून असलेले आईवडील पीएफच्या व्याख्येत कुटुंबातच येतात. भाऊ येत नाही. बायकामुलं असताना त्याचं नाव लावलं तर ते नॉमिनेशन अवैध. पेन्शनचा हिशेब निराळा: ते आधी पती किंवा पत्नीला आणि २५ वर्षांखालच्या मुलांना मिळतं, तिथे टक्केवारीचा प्रश्न नाही. त्यासाठी १० वर्षं नोकरीची अटही नाही, एका महिन्याची वर्गणी भरलेली पुरते. मात्र १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्या आणि तेव्हा पगार १५,००० च्या वर असलेल्यांना ईपीएस लागू होत नाही. पासबुकातला पेन्शनचा रकाना बघा. शून्य असेल तर घरच्यांना तसं आत्ताच सांगून ठेवा.

शेवटी ई-साइन, म्हणजे आधारच्या ओटीपीने केलेली ऑनलाइन सही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. ‘सेव्ह’ दाबलं म्हणजे झालं असं वाटतं, प्रत्यक्षात अर्ज प्रलंबित यादीत पडून राहतो. ओटीपी तुमच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर बंद असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन बदला. सही झाल्यावर पीडीएफ उतरवा आणि एक प्रत घरी यूएएनसोबत ठेवा.

कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल, म्हणजे पीएफचे पैसे तोच सांभाळत असेल, तर पीएफचं नॉमिनेशन ट्रस्टकडे द्यावं लागतं. ग्रॅच्युइटी आणि कंपनीच्या ग्रुप विम्याचे फॉर्मही वेगळे. ते एचआरकडून मागून भरा.