पंप भरण्याआधी पान उलटून पाहा

झड उघडली, की दुसऱ्याच दिवशी नागपूर जिल्ह्यात हिंगण्यापासून नरखेडपर्यंत तेच सुरू होते. कृषी केंद्रावर गर्दी, बांधावर ड्रम, आणि कपाशीत एक फेरीही न मारता फवारणी. का मारले विचारले तर उत्तर ठरलेले: "शेजाऱ्यानं मारलं, मंग आपणही मारलं." न पाहता मारलेल्या या फवारणीने हातची गेलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मी फार पाहिली आहे. पोळा तोंडावर आहे आणि यंदाही तेच होताना दिसते, म्हणून कळकळीने सांगतो: पान उलटून पाहिल्याशिवाय पंप भरू नका.

पाहायचे कसे? बांधाकडच्या ओळी सोडा. एकरात वाकडेतिकडे चालत वीस झाडे निवडा आणि प्रत्येकाचे वरचे, मधले, खालचे पान उलटा. हिरवट, तिरपे पळणारे ते तुडतुडे. शिरेलगत बारीक पिवळसर रेघोट्यांसारखे हलतात ते फुलकिडे. पानामागे सरासरी 2 तुडतुडे, 10 फुलकिडे किंवा 8 ते 10 पांढऱ्या माश्या भरल्या, तरच औषधाचा विचार करा. पांढरी माशी मावा-तुडतुड्यांच्याच गटातली, सोंडेने रस ओढणारी. अळीचे औषध तिच्यावर वाया जाते.

आता त्याच पानावर दुसरे कोण आहे तेही पाहा. मावा पडलेल्या शेंड्यावर काळपट, नारिंगी ठिपक्यांची, सहा पायांची, मगरीच्या ठेवणीची अळी फिरताना दिसेल. शेतकरी हिलाच कीड समजून घाबरतो आणि औषध आणायला धावतो. ती ढालकिड्याची अळी आहे, दिवसभर मावाच खाते. केसासारख्या देठावर एकेकटे उभे असलेले पांढरे अंडे क्रायसोपाचे, म्हणजे मावा खाणाऱ्या मित्रकिडीचे. फुगून तपकिरी, कडक झालेला मावा दिसला तर समजा, त्याच्या पोटात बारीक गांधीलमाशीचे पिल्लू वाढते आहे. असे पान तोडू नका, त्यावर फवारूही नका. कीड आठवड्याभरात परत भरते, पण हे मित्र परत यायला फार वेळ लागतो. लागवडीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत जहाल औषध मारणाऱ्याच्या शेतात पुढे पांढरी माशी उसळते ती यामुळेच. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक तर या काळात अजिबात नको.

दुकानदार एका पंपात तीन गोष्टी घालायला सांगेल: एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, वर टॉनिकची बाटली. टॉनिकने कीड मरत नाही, दुकानदाराचे बिल तेवढे वाढते. डब्यावरच्या नावावर जाऊ नका, आतला घटक कोणता ते विचारा आणि पक्के बिल घ्या. लाल कोळी पडला म्हणून साधे कीटकनाशक दिले, तर घेऊ नका. कोळी आठ पायांचा, तो कीटकच नव्हे. त्या औषधाने त्याला खाणारे मरतात आणि तो आणखी वाढतो.

पानामागच्या किडींची वर सांगितलेली मर्यादा ओलांडली असेल तर आधी 5 टक्के निंबोळी अर्क. 5 किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, 200 ग्रॅम साबणाचा चुरा घालून 100 लिटर पाणी करा. तेवढ्याने आटोक्यात नाही आले, तर फ्लोनिकामिड 50 टक्के, 10 लिटर पाण्याला 3 ग्रॅम. हे प्रमाण साध्या पंपाचे आहे. मधमाश्या सकाळी फुलांवर असतात, म्हणून फवारणी संध्याकाळी करा. वारा असेल तर थांबा. 2017 च्या हंगामात यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन माणसे दगावली. तोंडाला फडके आणि हातात मोजे नसतील तर त्या दिवशी पंप उचलू नका.

इतर कामे:
- सोयाबीन: देठावर दोन गोल खाचा दिसल्या की चक्रीभुंगा. खाचेखालून तोडून नष्ट करा.
- संत्रा: आंबिया बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याच्या) फळावर सुईएवढे भोक म्हणजे रात्रीचा रस शोषणारा पतंग. बांधावरची गुळवेल, वासनवेल काढा, संध्याकाळी धूर करा. पडलेली फळे पुरा.
- तूर: पाणी साचू देऊ नका.
- घर: कूलरच्या टाकीतले पाणी ओता. डेंगीचा डास तिथेच वाढतो.

आता मुख्य धोका. जूनच्या कपाशीला फुले लागली आहेत आणि गुलाबी बोंडअळी याच वेळी शिरते. 2017 मध्ये विदर्भाने तिचा फटका खाल्ला आहे. बीटी (बोंडअळीला मारणारे जनुक घातलेले) बियाणे आहे म्हणून निश्चिंत राहू नका, ही अळी बीटीला कधीच सरावली आहे. एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) आजच लावा. सलग 3 दिवस रोज 8 पतंग अडकले, तर धोका दारात आला समजा. पोळ्याच्या अमावास्येनंतर अंडी वाढतात असे जुनी मंडळी सांगतात. माझाही अनुभव तसाच आहे, म्हणून त्या आठवड्यात मी सापळा रोज पाहतो.

फुलात पाहायची खूण म्हणजे डोमकळी. पाकळ्या उमलत नाहीत, एकमेकींत गुंतून राहतात. ती हाताने उघडा. आत तांदळाच्या कणीहून लहान, पांढरट, काळ्या डोक्याची अळी असते. लहानपणी ती गुलाबी नसते, म्हणून "ही ती नव्हे" म्हणत लोक पुढे जातात. ती तीच. बोंडात शिरल्यावर भोक बुजते, वरून बोंड ठणठणीत दिसते. म्हणून एकरातून 20 हिरवी बोंडे फोडून पाहा. 2 किडकी निघाली, किंवा 100 फुलांत 10 डोमकळ्या मिळाल्या, तर इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के, 10 लिटरला 4 ग्रॅम. त्याआधीच पतंग दिसू लागले असतील तर एकरी 60 हजार अंड्यांची, म्हणजे साधारण 3 ट्रायकोकार्डे (बोंडअळीची अंडी नष्ट करणाऱ्या बारीक गांधीलमाशीची कार्डे) पानामागे टाचा आणि नंतर काही दिवस विषारी फवारणी करू नका.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेताना "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणून आपण ओरडतो. त्या सकाळी घरातल्या सगळ्यांनी पिशवी घेऊन शेतात जा, डोमकळ्या वेचा आणि जाळा. बांधावर टाकल्या तर अळी तिथेच कोषात जाते. पुढे दर आठ दिवसांनी हीच फेरी, बोंडे फुटेपर्यंत.