संशोधनात एआय वापरताय? या चुका टाळा

सगळ्यात चिवट खोड म्हणजे संदर्भसूची एआयकडून करून घेणं. लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्षही पटण्यासारखं, पण असा लेखच कुठे छापलेला नाही. चॅटजीपीटीसारखं भाषा-मॉडेल आठवणीवर संदर्भ देतं तेव्हा ते शोधत नसतं, संदर्भासारखी दिसणारी ओळ जुळवत असतं. वेबवर शोधणारी साधनं बहुधा खरा दुवा देतात, पण लेखात नसलेलं विधान त्याच्या माथी मारू शकतात.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे सादर केले. त्याआधी त्यांच्यातल्या एकाने त्यालाच विचारलं होतं, हे खरे आहेत ना? उत्तर आलं, हो. दंड झाला ५,००० डॉलर. चोरालाच पंच नेमला की असंच होणार!

डीओआय, म्हणजे छापलेल्या लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, क्रॉसरेफ या नोंदणी-संकेतस्थळावर टाका आणि शीर्षक, लेखक ताडून पाहा; कधी डीओआय खरा असतो, पण भलत्याच लेखाचा. मग मूळ लेख उघडा, ते विधान शोधा आणि पृष्ठक्रमांक टिपणात लिहा. पान सापडलं नाही तर संदर्भ काढायचा. एवढा वेळ नसेल त्यांनी सूची लहान ठेवावी.

दुसरी चूक विज्ञानवाल्यांची. समजा आजार ओळखणारं मॉडेल शिकवायचंय: १०० रुग्ण, प्रत्येकाच्या १० प्रतिमा. या १,००० प्रतिमा पिसून ८० टक्के प्रशिक्षणाला आणि २० टक्के चाचणीला अशा विभागल्या, तर सुमारे ८९ रुग्ण दोन्हींत येतात. मॉडेल आजार ओळखण्याऐवजी माणूस ओळखतं, अचूकता डोळे दिपवते आणि नवा रुग्ण आला की कोसळते. आधी रुग्णांनुसार विभागणी करा. साइकिट-लर्न या पायथनच्या मशीन लर्निंग लायब्ररीत त्यासाठी ग्रुप-के-फोल्ड ही सोय आहे. सरासरी काढणं, रिकाम्या जागा भरणं, चलं निवडणं हे सगळं त्यानंतर, फक्त प्रशिक्षणाच्या भागावरून. 'आधी सगळा डेटा साफ करून घेतो' म्हणणारे इथेच फसतात.

हस्तलिखिताचा फोटो वाचायला दिलात तर पुसट शब्दाच्या जागी मॉडेल शोभेलसा शब्द बसवतं. संपादकाला नेमकी ती पुसट जागाच हवी असते. न लागलेल्या अक्षरांसाठी चौकटी कंस ठेवायला सांगा, आणि तरीही ओळन् ओळ मूळ पानाशी ताडा.

मुलाखतींतली नावं-गावं काढल्याशिवाय काहीही अपलोड करू नका. मॉडेलची आवृत्ती, तारीख आणि दिलेली सूचना त्याच दिवशी नोंदवा. आणि एआयला सहलेखक करू नका. बहुतेक नियतकालिकं ते मान्य करत नाहीत.