प्रयत्न सैल सोडून करायचा अर्ध्या तासाचा योगसराव

पतंजलींनी योगसूत्रांत आसनाची व्याख्या 'स्थिरसुखमासनम्' (स्थिर आणि सुखकर असते ते आसन) एवढ्याच शब्दांत केली असून, लगेच पुढच्या सूत्रात प्रयत्न शिथिल करायला सांगितले आहे. त्यामुळे सौम्य सराव हा केवळ वृद्धांसाठी किंवा आजाऱ्यांसाठी आहे, ही समजूत मला पटत नाही.

सराव सकाळी रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर किमान तीन तासांनी करावा. जाड सतरंजी, दोन चादरी आणि एक भक्कम खुर्ची जवळ ठेवावी. बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात पट्टे, ठोकळे आणि खुर्च्या यांचा आसनांसाठी पद्धतशीर वापर रूढ केला, तेव्हा आधार घेण्यात कमीपणा मानू नये. उच्च रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, गर्भारपण किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रथम मांडी घालून बसावे. गुडघे कमरेपेक्षा वर राहत असतील, तर बैठकीखाली चादरीची घडी घ्यावी. पाच मिनिटे नाकाने चाललेला श्वास, तो लांबवण्याची खटपट न करता, नुसता पाहावा. पुढच्या प्रत्येक आसनाची मोजपट्टी हाच श्वास आहे: तो अडखळला किंवा रोखला गेला, की आपण मर्यादा ओलांडली असे समजून थोडे मागे यावे.

मग भिंतीजवळ उभे राहून, श्वास घेत हात वर नेऊन सोडत खाली आणावेत. असे पाच वेळा करावे. त्यानंतर हात व गुडघे टेकून मार्जरासन करावे. श्वास घेताना पाठ खाली झुकवावी आणि सोडताना वर गोलाकार उचलावी. सहा-सात आवर्तने पुरतात. गुडघे दुखत असल्यास हीच हालचाल खुर्चीत बसून करता येते. पुढे उताणे पडून, श्वास सोडत एकेक गुडघा छातीकडे घ्यावा, मात्र मान उचलू नये.

शेवटची दहा मिनिटे शवासनाची असून, घाईत नेमकी तीच गाळली जातात. कंबर दुखत असल्यास पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवाव्यात. हात शरीरापासून वीतभर दूर, तळवे वर आणि डोळे मिटलेले असावेत. पायाच्या अंगठ्यापासून कपाळापर्यंत लक्ष सावकाश फिरवत एकेक अवयव सैल सोडावा. जबडा आणि जीभ विसरू नयेत, कारण ताण बहुधा तिथेच दडलेला असतो. विचार येतील, त्यांच्याशी भांडू नये. ते आल्याचे लक्षात येताच पुन्हा उच्छ्वासाकडे वळावे. शरीराच्या शिथिलीकरणातून मन अंतर्मुख होण्याची सुरुवात इथे, या वारंवार परतण्यात होते. झोप लागल्यास अपराधी वाटून घेऊ नये, ती विश्रांतीची गरज असते.

उठताना उजव्या कुशीवर वळावे, दोन-तीन श्वास थांबावे आणि हाताच्या आधाराने बसावे. मग तीन वेळा ओंकार म्हणून, त्याचा नाद विरल्यानंतरची शांतता ऐकत मिनिटभर तसेच बसून राहावे.