चार मिनिटांनी चित्र गोठतंय? मल्टिकास्टमधल्या या चुका टाळा

हॉटेलातल्या टीव्हीची तक्रार ठरलेली असते, आणि येते ती नेमकी मॅच चालू असताना: "चॅनेल लागतं, चार-साडेचार मिनिटं छान दिसतं, मग गोठतं. बदलून परत लावलं की पुन्हा सुरू." केबल बदलायला धावू नका, आधी घड्याळ लावा. दर वेळी २६० सेकंदांच्या आसपासच गोठत असेल, तर केबल आणि सेट-टॉप बॉक्सवरचा संशय सोडा. बहुधा तुमच्या नेटवर्कमध्ये हजेरी घेणारं कुणी नाही.

मल्टिकास्टमध्ये चॅनेलचा एकच प्रवाह, जे मागतील त्या सगळ्यांना एकदम जातो. कोण मागतंय हे कळवणारी ठरलेली पद्धत म्हणजे आयजीएमपी; तिचं काम हजेरीचंच. टीव्ही 'मला २३९.१०.१०.५ हा ग्रुप (म्हणजे त्या चॅनेलचा पत्ता) हवा' असा रिपोर्ट पाठवतो. स्विच तो मधल्या मध्ये ऐकतो (हेच स्नूपिंग) आणि त्या पोर्टवर चॅनेल सोडतो. पण ही नोंद कायमची नसते. क्वेरियर, म्हणजे हजेरी घेणारा, दर १२५ सेकंदांनी २२४.०.०.१ या सगळ्यांसाठीच्या पत्त्यावर 'कोण कोण आहे?' असं विचारतो आणि उत्तराला १० सेकंद देतो. एखादी फेरी हुकली तरी नाव कटू नये म्हणून मुदत १२५ च्या दुप्पट अधिक १०, म्हणजे २६० सेकंद. विचारणाराच नसेल तर टीव्ही गप्प बसतो आणि मुदत संपली की स्विच त्याचं नाव खोडतो.

म्हणजे सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही: स्नूपिंग चालू, क्वेरियर गायब. एरवी हे काम मल्टिकास्ट राउटर करतो, पण टीव्हीच्या किंवा कॅमेऱ्यांच्या वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) तो अनेकदा नसतोच. मुख्य स्विचवर त्या व्हीलॅनसाठी क्वेरियर चालू करा आणि त्याला त्याच व्हीलॅनमधला खरा आयपी पत्ता द्या. ०.०.०.० वरून क्वेरी पाठवणारे स्विच असतात, पण अशा क्वेरीवरून राउटरकडचं पोर्ट ओळखू नये असं आरएफसी ४५४१ (स्नूपिंग करणाऱ्या स्विचसाठीचा मार्गदर्शक दस्तऐवज) सांगते. मग पलीकडचा स्विच रिपोर्ट पुढे पाठवणार कुठे? खात्री करायला लॅपटॉप त्या व्हीलॅनमध्ये लावा, वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) फक्त आयजीएमपी दिसेल असा फिल्टर टाका आणि दोन-अडीच मिनिटं थांबा. क्वेरी दिसली नाही तर चोर सापडला. लिनक्सच्या ब्रिजमध्ये (व्हर्च्युअल मशीन जोडणारा सॉफ्टवेअरमधला स्विच) स्नूपिंग मुळातच चालू आणि क्वेरियर बंद असतो, त्यामुळे तिथे अडचण आली तर हेही तपासा.

यावरचा घाईचा उपाय म्हणजे स्नूपिंगच बंद करणं. मीही एकदा केलाय. चित्र लगेच सुरळीत होतं, कारण आता प्रत्येक चॅनेल प्रत्येक पोर्टवर ओतलं जातं. ८ एमबीपीएसची ४० चॅनेल म्हणजे ३२० एमबीपीएस. १०० एमबीपीएसच्या पोर्टवरचा बिचारा प्रिंटरसुद्धा त्यात गुदमरतो.

उलट बाजूने, क्वेरियर दोन झाले तर आयजीएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून निवडणूक होते आणि ज्याचा आयपी पत्ता सर्वात लहान तो जिंकतो. कोपऱ्यातल्या एखाद्या छोट्या स्विचवर कुणी क्वेरियर चालू ठेवला आणि त्याचा पत्ता लहान निघाला, तर मुख्य स्विच मुकाट्याने बाजूला होतो आणि सगळी चॅनेल त्या कोपऱ्याकडे वाहू लागतात. लहान पत्ता मुख्य स्विचसाठी राखून ठेवा.

फास्ट लीव्ह, म्हणजे टीव्हीने चॅनेल सोडताच पोर्टवरून ते लगेच काढणं, एका पोर्टवर एकच टीव्ही असेल तरच वापरा. टेबलाखाली साधा स्विच लावून दोन टीव्ही जोडले असतील, तर एकाने चॅनेल सोडताच दुसऱ्याचंही जातं. कारण 'अजून कुणी आहे का?' हे विचारण्याचा टप्पाच गाळलेला असतो.

पत्ते निवडताना २३९.०.०.x आणि २३९.१२८.०.x टाळा. स्विच ज्यावर काम करतो त्या हार्डवेअरच्या मॅक पत्त्यात आयपीचे शेवटचे २३ बिटच उतरतात, त्यामुळे ३२ ग्रुप एकाच मॅकवर येतात. हे पत्ते २२४.०.०.x च्याच मॅकवर बसतात आणि तो पट्टा स्विच सगळीकडे सोडतात, त्यामुळे मॅक पाहून काम करणाऱ्या स्विचवर स्नूपिंग असून नसल्यासारखं.

आणि एका व्हीलॅनमध्ये सगळं ठीक, पण राउटरपलीकडे काहीच पोचत नसेल, तर पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला टीटीएल (प्रत्येक राउटरवर एकने घटणारा पॅकेटमधला आकडा) बघा. मल्टिकास्टसाठी तो मुळात १ असतो, म्हणजे पहिल्याच राउटरवर पॅकेट संपतं.