कॉर्न स्नेकची कात अडकू नये म्हणून काय करायचं (खास पुण्याच्या हवेसाठी)

फेब्रुवारी संपत आला की पुण्यात कॉर्न स्नेक पाळणाऱ्यांचे सारखेच प्रश्न सुरू होतात, कात तुकड्यातुकड्यात निघतेय, शेपटीला अडकलीये, डोळ्यावर राहिलीये, आता ओढून काढू का. ओढू नका. आधी हे समजून घ्या की कात अडकते ती बहुतेक वेळा हवा कोरडी असल्यामुळे, आणि त्यावरचा उपाय कात निघायच्या आठवडाभर आधीच करायचा असतो, अडकल्यावर आपण जे करतो ती नुसती डागडुजी.

हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, फ्लोरिडा-जॉर्जियाकडचा, तिकडची हवा दमट. एरवी त्याला ४० ते ६० टक्के ह्युमिडिटी (हवेतला ओलावा) पुरते पण कात टाकताना ६०-७० लागते. आणि आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये दुपारची हवा २०-२५ टक्क्यांवर येते, त्यात डोक्यावर पंखा फुल स्पीडवर आणि सापाच्या काचेच्या टाकीला वरून जाळीचं झाकण, म्हणजे तुम्ही सकाळी मारलेला पाण्याचा स्प्रे तासाभरात गायब. एसी असेल तर हवा अजून कोरडी. डिसेंबर-जानेवारीत पण हीच गत, तेव्हा थंडीमुळे हीट मॅट (टाकी गरम ठेवणारी विजेची चटई) जास्त वेळ चालू असते आणि ती आतलं सगळं सुकवते. त्यामुळे पहिलं काम म्हणजे डिजिटल हायग्रोमीटर (ओलावा मोजणारं यंत्र) घ्या, वायरला सेन्सर असलेला, आणि सेन्सर साप बसतो त्या उंचीवर ठेवा, काचेवर वर चिकटवून उपयोग नाही.

आता कात येतेय हे कसं ओळखायचं. रंग मळकट होतो, पोटाकडची बाजू गुलाबीसर दिसायला लागते, मग डोळे दुधाळ निळसर होतात कारण जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे द्रव साठतो. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघतो, म्हणून डोळे असे होतात. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, घाबरतो, एरवी शांत असलेला पण फुत्कारेल किंवा चावायला येईल, तेव्हा उचलायचं नाही. खायलाही देऊ नका, बरेचसे स्वतःच खात नाहीत, आठवडाभर उपाशी राहिला तर काही बिघडत नाही. मग एक दिवस डोळे एकदम स्वच्छ होतात आणि लोकांना वाटतं झालं, कात निघाली असेल, कुठे गेली म्हणून शोधत बसतात. निघालेली नसते, अजून साधारण ३-४ दिवस असतात आणि ओलाव्याची काळजी या दिवसांतही तेवढीच घ्यायची.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ओलसर लपायची जागा, माझ्या मते स्प्रेपेक्षा हीच जास्त उपयोगी. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, साप वेटोळं घालून आत मावेल एवढा, बाजूला त्याच्या जाडीच्या दुप्पट भोक पाडा आणि भोकाची कड मेणबत्तीवर नाहीतर पॉलिश पेपरने गुळगुळीत करा नाहीतर नवी कातडी कापेल. आत स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरा, ऑर्किड ठेवणाऱ्या नर्सरीत मिळतं, नाहीच मिळालं तर धुतलेलं कोकोपीट चालतं, ते सोलापूर रोडच्या कुठल्याही नर्सरीत मिळेल, फक्त खत मिसळलेलं नको. मॉस भिजवून घट्ट पिळा, हाताला ओलं लागलं पाहिजे पण थेंब पडता कामा नये. डबा टाकीच्या उबदार बाजूला ठेवा, आणि तीन-चार दिवसांनी मॉस बदला नाहीतर बुरशी येते. सोबत पाण्याचं भांडं मोठं करा, जाळीचा अर्ध्याहून जास्त भाग ॲक्रिलिक शीटने झाका (पूर्ण नाही, हवा खेळली पाहिजे), आणि अंग घासायला एखादी खरखरीत फांदी किंवा दगड ठेवा, कारण तो ओठापासून सुरुवात करतो आणि कशाला तरी अडकवून आख्खी कात उलटी सोलत बाहेर येतो. खोलीत कूलर असेल तर उन्हाळ्यात आपोआप फायदा होतो. पावसाळ्यात मात्र उलटं, जून ते सप्टेंबर बाहेरचीच हवा पुरेशी दमट असते, तेव्हा डबा ठेवा पण स्प्रे बंद, खालचं सतत ओलं राहिलं तर पोटाचे खवले सडतात.

कात निघाली की ती पाण्यात भिजवून हलकेच पसरून बघा. एक सलग तुकडा हवा, डोक्याच्या भागात दोन्ही डोळ्यांचे गोल, भिंगासारखे खवले दिसले पाहिजेत आणि शेपटीचं टोक शाबूत पाहिजे. या दोन जागा बघितल्याशिवाय कात टाकून देऊ नका.

अडकलीच तर, झाकणाला भोकं असलेल्या डब्यात कोमट पाणी घ्या, २८-३० अंश, मनगटावर ना गरम ना गार लागलं पाहिजे, त्याच्या अंगाच्या अर्ध्या उंचीएवढंच. २० मिनिटं ठेवा आणि तिथून हलू नका. मग जुना मऊ पंचा भिजवून पिळून सैल हातात धरा आणि त्याला त्यातून सरकू द्या, डोक्याकडून शेपटीकडे, जोर त्याचा, आपण फक्त धरायचं. नाही निघाली तर उद्या परत. खोबरेल तेल, व्हॅसलीन, चिमटा, नख यातलं काही नको, खालची कातडी कच्ची असेल तर जखम होते. शेपटीच्या टोकाला मात्र दुर्लक्ष करू नका, तिथे कातीची कडी राहून सुकली की रक्त थांबतं, टोक काळं पडतं आणि गळून जातं. ओला कापूस १० मिनिटं गुंडाळून अंगठ्याने हलकेच टोकाकडे सरकवा.

डोळ्यावरचं घरी अजिबात काढायचं नाही. ओलसर डबा चालू ठेवा, बऱ्याचदा पुढच्या कातीबरोबर निघून जातं. डोळा सुजला, दोन काती झाल्या तरी तसंच राहिलं, किंवा ओलावा बरोबर असूनही दरवेळी कात अडकतेय तर डॉक्टर, आणि आधी फोन करून साप बघतात का ते विचारा कारण सगळे व्हेट बघत नाहीत. जाण्याआधी हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला बारीक काळे-लालसर ठिपके हलताना दिसतात का बघा, सारखा पाण्याच्या भांड्यात बसतोय का बघा, ते माइट्स (सापाचं रक्त पिणारे बारीक किडे) असू शकतात आणि त्यानेही कात बिघडते.

अजून एक, हे सगळं कॉर्न स्नेकसाठी आहे. सोसायटीत निघालेली धामण किंवा दिवड अर्धी कात अडकलेली दिसली म्हणून घरी आणून भिजवत बसू नका, देशी साप पकडणं-पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, वनविभागाला कळवा.