जुन्या फोर बाय फोरचा क्लच: गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासायचं आणि उतरवल्यावर काय बदलायचं

जुन्या ऑफ-रोड गाडीत गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मिळून वजन सहज १०० किलोच्या पुढे जातं. म्हणून ‘क्लच गेला’ असं वाटताच पाने हातात घेऊ नका. बिघाड बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं, क्लच झाकणारं आवरण) बाहेर आहे की आत, हे आधी ठरवा. दोष बाहेरचा असेल, तर आत नवी क्लच प्लेट टाकूनही गाडी होती तशीच राहते.

तक्रारी मुख्यतः दोन. क्लच स्लिप होतो, म्हणजे इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र वेग घेत नाही आणि चढावर जळका वास येतो. किंवा क्लच सुटत नाही, म्हणजे पेडल तळाला टेकवूनही गिअर पडत नाही, रिव्हर्सला करकर होते.

स्लिपची परीक्षा सपाट जागी घ्या. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, समोर कोणी उभं नको. सर्वांत वरचा गिअर टाका, इंजिन मिनिटाला साधारण १५०० फेऱ्यांवर ठेवा आणि पेडल हळूहळू सोडा. चांगला क्लच इंजिन बंद पाडतो. इंजिन फिरतच राहिलं तर क्लच स्लिप होतोय. एकदाच करा, दर वेळी प्लेट जळते.

सुटतो का हे पाहायला न्यूट्रलमध्ये पेडल दाबून पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. करकर झाली, पण पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर गिअर निमूट पडला, तर आतल्या भागांना तूर्त हात लावू नका. दोष हायड्रॉलिकमध्ये आहे, म्हणजे पेडलचा दाब फ्लुइडने क्लचपर्यंत नेणाऱ्या भागांत: पेडलकडचा मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर आणि मधली नळी.

क्लच फ्लुइडच्या टाकीतली पातळी बघा. कमी असेल तर फ्लुइड कुठून जातंय ते शोधा. केबिनमध्ये पेडलच्या दांड्याशी ओलं असेल तर मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्हचं रबरी टोपण मागे सारल्यावर ओलं दिसलं तर स्लेव्ह. पातळी कमी होत नाही, गळती नाही, तरी दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जातं, तेव्हा मास्टरच्या आतलं रबर फ्लुइड मागे सोडत असतं. बोअर गुळगुळीत असेल तर रबर किट पुरेल. गंजाचे खड्डे नखाला लागत असतील तर सिलिंडरच बदला, नवं रबर तिथे टिकणार नाही. उत्पादकाने सांगितलेलं डॉट ३ किंवा डॉट ४ फ्लुइडच घाला. इंजिन ऑइलचा थेंबही गेला तर सगळी रबरं फुगतात.

हवा काढताना क्रम चुकवू नका. सोबत्याने पेडल दाबून धरायचं, तुम्ही निपल (स्लेव्हवरचा हवा काढायचा स्क्रू) उघडून लगेच बंद करायचा, त्यानंतरच पेडल सोडायचं. टाकी मध्येच रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरुवात. हवा निघतच नसेल तर स्लेव्ह नीट बसलाय का पाहा. निपल त्याच्या सर्वांत उंच जागी हवा.

आता सर्वांत फसवा दोष. गाडी थंड असताना क्लच उत्तम, गरम झाली की स्लिप. बहुतेक जण प्लेट झिजली असं धरून चालतात. स्लिप सुरू असतानाच गाडी थांबवा, इंजिन बंद करा आणि स्लेव्हचा निपल जरासा सैल करा. फ्लुइड जोरात उडालं आणि क्लच पुन्हा धरू लागला, तर लाइनमध्ये दाब अडकलाय. याची कारणं दोन. मास्टरच्या पुशरॉडला (पेडलकडून येणारा दांडा) मोकळीक नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं बारीक छिद्र झाकलेलं राहतं आणि तापून फुगलेल्या फ्लुइडला परतीची वाट उरत नाही. पुशरॉडला साधारण १ मिमी मोकळीक द्या. दुसरं कारण म्हणजे लवचीक रबरी नळी आतून सुजणं: फ्लुइड जोराने पुढे जातं, पण परत येत नाही. बाहेरून नळी धडधाकट दिसते, म्हणून जुन्या गाडीत ती बदलूनच टाकावी.

सोबत्याला पेडल दाबायला सांगून फायरवॉलकडेही (इंजिन आणि केबिनमधली भिंत) बघा. तिथला पत्रा वाकत असेल किंवा पेडलच्या ब्रॅकेटला तडा असेल, तर निम्मी चाल तिथेच वाया जाते.

खोल पाण्यातून काढलेली गाडी बरेच दिवस उभी राहिली की प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनाला जोडलेली जड चकती) गंजून चिकटते. इंजिन गरम करून बंद करा, मोकळ्या मैदानात लो रेंजचा (ट्रान्स्फर केसचा हळू वेगाचा टप्पा) पहिला गिअर टाका, पेडल दाबून स्टार्टर मारा. गाडी चालू लागली की पेडल दाबलेलंच ठेवून अॅक्सिलरेटर-ब्रेकचे झटके द्या. अनेकदा सुटते.

हे सगळं ठीक निघालं, किंवा पेडल दाबताच घरघर सुरू होत असेल (हा बहुधा रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा आवाज), तर गिअरबॉक्स उतरवा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, इंजिनाला लाकूड ठेवून आधार द्या, प्रोपेलर शाफ्टच्या (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) फ्लँजवर खुणा करा. क्लच प्लेटच्या जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून हवेच्या झोताने धूळ उडवू नका. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा.

अस्तर रिव्हेटच्या डोक्यापेक्षा ०.३ मिमीही वर नसेल तर प्लेट संपली. अस्तर तेलकट असेल तर आधी ऑइल सील बदला. इंजिनाचं मागचं की गिअरबॉक्सचं, हे वासावरून कळतं, कारण गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो. फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारी पट्टी) जिथे आधाराच्या गोळीवर टेकतो तिथे खड्डा किंवा भोक पडलंय का पाहा. फ्लायव्हीलवर बारीक तडे किंवा निळे डाग असतील तर तो मशीनवर घासून घ्या.

क्लच प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदला. नव्या प्रेशर प्लेटवरचं संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने धुवा. प्लेटची बाजू तपासा, अलाइनमेंट टूलने ती मध्यावर आणा, बोल्ट तिरप्या क्रमाने थोडेथोडे आवळा. शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा पुसट हात पुरे. जास्त झालं तर ते अस्तरावर उडतं. गिअरबॉक्सचा भार शाफ्टवर लोंबू देऊ नका, प्लेटचा हब वाकतो. इंजिन आणि गिअरबॉक्समधली शेवटची फट बोल्टने ओढून बंद करू नका. दोन्ही पृष्ठभाग हाताने टेकले पाहिजेत.

बेल हाउसिंगच्या तळाला प्लग असेल तर तो फक्त पाण्यात उतरताना लावा आणि बाहेर आल्यावर काढा. एरवी छिद्र उघडं राहिलं की तेल गळायला लागल्याचं पहिल्या थेंबालाच कळतं.